तळाशी बसलेलं पातेलं

पत्राचा गोषवारा : चाळिशीतले एक गृहस्थ दोन वर्षांपासून एकटे राहतात. ऑफिसात त्यांचं टेबल नीट असतं, कामं वेळेवर होतात. घरी मात्र सिंक कायम भरलेलं आणि ओट्यावर हात टेकायला जागा नाही. जेवायची वेळ झाली की लागेल तेवढी एक ताटली आणि एक चमचा धुवून घ्यायचा आणि भागवायचं. महिन्यातून एखाद्या रविवारी सहा-सहा तास घासूनपुसून ते स्वयंपाकघर आरशासारखं करतात. गुरुवारपर्यंत सगळं पुन्हा जैसे थे. अशाच एका रविवारी लवकर चकचकीत व्हावं म्हणून ब्लीच आणि दुसरं एक क्लीनर एकत्र ओतलं, तेव्हा डोळे चुरचुरले आणि खोकल्याची उबळ आली. डबे, रॅक, हुक सगळं आणून झालंय, साफसफाईचे व्हिडिओही बघून झालेत. मागच्या महिन्यात जुना मित्र न कळवता आला, तर त्याला जिन्यातच गाठून 'घरात पेस्ट कंट्रोल चालू आहे' अशी थाप मारली आणि बाहेर नेलं. ते लिहितात : 'थाप त्याला पटली, पण मला ती अजून पचलेली नाही. सिंकच्या तळाशी एक पातेलं आहे, ते कधीपासून भिजतंय तेही आठवत नाही. माझ्यात शिस्त नाही हे मान्य. पण प्रेरणा कुठून आणायची?'

---

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा पातेल्यापाशी अडखळले, त्याचं कारण पुढे सांगते. दुसऱ्यांदा मात्र चमच्यापाशी थांबले.

तुम्ही जाता जाता लिहून गेलात की जेवायच्या वेळी एक ताटली आणि एक चमचा धुवून घेता. म्हणजे भांडी तुम्ही रोज धुता, बहुधा दिवसातून दोनदा, आणि तेही वाळून कडक झालेली. त्यासाठी कुठली प्रेरणा लागत नाही, कारण भूक लागलेली असते. फरक एवढाच की बाकीची माणसं जे काम जेवणानंतर करतात, ते तुम्ही पुढच्या जेवणाआधी करता. जेवण झाल्या झाल्या ताटलीवरचा पिष्टमय भाग ओला असतो, नुसत्या पाण्याच्या धारेखाली निघून जातो. तोच सहा तास वाळला की खळीसारखा चिकटतो आणि मग घासणीला जोर लावावा लागतो. तेच काम तुम्ही दुप्पट कष्टाने करताय आणि वर स्वतःला आळशी म्हणवून घेताय. हा हिशेब मला पटलेला नाही.

म्हणून 'माझ्यात शिस्त नाही' हे तुमचं वाक्य सध्या बाजूला ठेवू या. ऑफिसातल्या टेबलावर जी शिस्त दिसते ती घराच्या दारात चपलांबरोबर काढून ठेवता येत नाही. तिथे कामाला वेळ ठरलेली असते, बघणारं कुणीतरी असतं आणि काम कुठे संपतं ते माहीत असतं. स्वयंपाकघराला यातलं काहीच नाही. ते कधी संपतच नाही. आज घासलेली ताटली उद्या पुन्हा खरकटी होणार, आणि ती घासली म्हणून शाबासकी द्यायला घरात दुसरं कुणी नाही. एकट्या राहणाऱ्या माणसाच्या अडचणीतला हा भाग मला घाणीपेक्षा मोठा वाटतो. त्यावर व्हिडिओत कुणी बोलत नाही.

आता तुमच्या रविवारांबद्दल. तुम्हाला ते आपल्या बाजूचा पुरावा वाटतात : मनात आणलं तर मी करू शकतो! मला वाटतं, घात तिथेच होतोय. सहा तास घासल्यावर हाताची सालं निघतात, कंबर धरते आणि मनात एक नोंद पक्की होते : स्वयंपाकघर म्हणजे सहा तास. मग मंगळवारी रात्री सिंकमध्ये चारच भांडी असली तरी मन त्या चार भांड्यांकडे बघत नाही, ते सहा तासांकडे बघतं आणि पाय आपोआप सोफ्याकडे वळतात. कार्ल वाइक या मानसशास्त्रज्ञाने 1984 साली 'छोटे विजय' या कल्पनेवर एक लेख लिहिला होता. त्यात भांड्यांचा विषय नव्हता, समाजाच्या मोठ्या प्रश्नांचा होता. पण त्याचा मुद्दा तुमच्या ओट्याला चपखल बसतो : प्रश्न फार मोठा करून मांडला की माणूस गांगरतो आणि हातातलं जे जमण्यासारखं असतं तेही करत नाही. दर महिन्याला सहा तास राबून तुम्ही तुमचा प्रश्न मोठा करून ठेवताय.

रविवारचा विषय निघालाच आहे तर सल्ल्याच्या ओघाबाहेरचं, पण या पत्रातलं सगळ्यात गंभीर सांगून टाकते. ब्लीचमध्ये दुसरं काहीही मिसळायचं नाही. टॉयलेट क्लीनर किंवा व्हिनेगरसारखं आम्ल त्यात पडलं की क्लोरीन वायू सुटतो, अमोनिया असलेलं काही पडलं की क्लोरामाइन तयार होतं. दोन्ही डोळ्यांना आणि फुप्फुसांना इजा करतात, आणि बंद खोलीत तर फारच. तुमचे डोळे चुरचुरले ते याचमुळे असणार. पुन्हा असं झालं तर आधी बाहेर पडा, मोकळ्या हवेत या, आणि खोकला किंवा धाप थांबत नसेल तर डॉक्टरांकडे जा. रोजच्या भांड्यांना आणि ओट्याला साबणाचं पाणी पुरतं.

आता माझ्या पातेल्याची गोष्ट. काही वर्षांपूर्वी माझ्याकडून दूध करपलं. 'भिजत घातलंय' असं स्वतःला सांगून मी ते पातेलं सिंकच्या कोपऱ्यात सरकवलं. दुसऱ्या दिवशी पाणी बदललं, म्हणजे आपण काहीतरी केलं असं वाटलं. तिसऱ्या दिवशी त्यात दोन चमचे येऊन पडले. मग पाण्यावर राखाडी साय धरली, कडेला पांढरं वर्तुळ उमटलं आणि मी त्याच्याकडे न बघता नळ सोडायला शिकले. आपल्याकडे 'भिजत घोंगडं' म्हणतात ते काय असतं, हे मला त्या पातेल्याने शिकवलं. नवव्या दिवशी ते उपसलं ते वैतागून, प्रेरणा वगैरे काही आली नव्हती. नवं पाणी घातलं, चमचाभर खायचा सोडा टाकला आणि पाच मिनिटं उकळलं. कोमट झाल्यावर लाकडी उलथन्याने खरवडलं तर करपलेला थर पापुद्र्यासारखा सुटून आला. (पातेलं स्टीलचं होतं. अ‍ॅल्युमिनियमचं असेल तर सोडा वापरू नका, ते काळं पडतं.) सहज घड्याळ बघितलं होतं. सगळं मिळून अकरा मिनिटं लागली, आणि त्यात माझे हात चालले ते चार मिनिटं. चार मिनिटांच्या कामाचं ओझं मी नऊ दिवस वाहत होते.

यातून दोन गोष्टी सांगायच्या आहेत. एक अगदी व्यवहारातली : भिजत घालणं हे काम पंधरा-वीस मिनिटांचं. त्या वेळात जे सैल व्हायचं ते झालेलं असतं. पुढे भांडं रात्रभर ठेवण्यात फारसा फायदा नसतो, उलट खरकट्या कोमट पाण्यात जिवाणू मजेत वाढतात. साधारण 5 ते 60 अंश सेल्सिअसच्या पट्ट्यात त्यांची वाढ झपाट्याने होते, आणि तुमचं सिंक चोवीस तास त्याच पट्ट्यात असतं. दूध, अंडं असं काही असेल तर आधी गार पाण्याने विसळा, कारण गरम पाण्याने प्रथिनं घट्ट होऊन चिकटतात. तेलकटाला मात्र गरम पाणी आणि साबणच हवा, आणि तेलकट भांडं शेवटी घ्यायचं. ते आधी घेतलं की घासणी तेलकट होते, मग पेले धुतले तरी ओशट राहतात आणि 'कितीही घासा, काही उपयोग नाही' असं वाटायला लागतं.

दुसरी गोष्ट तुमच्या प्रश्नाबद्दलची. प्रेरणा कुठून आणायची, असं तुम्ही विचारता तेव्हा त्यात एक क्रम गृहीत धरलेला असतो : आधी प्रेरणा, मग काम. माझा अनुभव उलटा आहे, आणि तो माझ्या एकटीचा नाही. नैराश्यावर 'बिहेविअरल अ‍ॅक्टिव्हेशन' नावाची एक उपचारपद्धत आहे, तिचा पायाच हा आहे. मन बरं होईल आणि मग माणूस उठेल, अशी वाट बघत बसायचं नाही. आधी ठरलेल्या वेळी ठरलेलं छोटं काम करायचं, मन हळूहळू त्याच्या मागून येतं. तुम्हाला नैराश्य आहे असं मी म्हणत नाही, पत्रावरून ते कळतही नाही. पण एक विचारते. स्वयंपाकघर सोडलं तर बाकीचं कसं चाललंय? झोप, भूक, आवडीच्या गोष्टी? दोन आठवडे किंवा त्याहून जास्त काळ बहुतेक दिवस कशातच रस वाटत नसेल, सकाळी उठणंच जड जात असेल, तर हा भांड्यांचा प्रश्न राहत नाही. अशा वेळी डॉक्टरांना किंवा मानसोपचारतज्ज्ञांना भेटायला हवं. दोन वर्षांपूर्वी एकटं राहायची वेळ का आली ते तुम्ही लिहिलेलं नाही, आणि मी विचारणारही नाही. फक्त, ते तुम्ही कुणाशी तरी बोलला असाल अशी आशा करते.

तसं काही नसेल, तर करायचं काय? तुमच्यासमोरचे रस्ते एकेक करून बघू या.

पैसे देऊन कुणाकडून काम करून घेणं किंवा डिशवॉशर आणणं. परवडत असेल तर यात कमीपणा कसला? फक्त मशीन आलं तरी ताटली टेबलावरून त्यात न्यावी लागते, आणि तुमची गाडी तिथेच तर अडलीय. टायमर लावून दहा मिनिटं काम करणं अनेकांना मानवतं. मला नाही मानवत. टायमर लागला की मला परीक्षेला बसल्यासारखं होतं. तुम्हाला जमलं तर जरूर करा. आणखी डबे-रॅक आणणं मात्र आता पुरे. तुमच्याकडे जागेचा प्रश्न नाहीच, भांड्यांच्या संख्येचा आहे.

म्हणून माझा कौल भांडी कमी करण्याला. एकटा माणूस आणि सिंकभर भांडी, हे होतं कारण कपाटात तेवढी भांडी आहेत. एक संपलं की पुढचं निघतं, आणि धुण्याची वेळ तेवढी पुढे ढकलली जाते. दोन ताटल्या, दोन वाट्या, दोन पेले, दोन चमचे, एक कढई, एक पातेलं आणि एक सुरी एवढंच हाताशी ठेवा. बाकीचं खोक्यात भरून माळ्यावर किंवा पलंगाखाली टाका. फेकू नका, पाहुणे आले की काढता येईल. आता सिंक भरायचं म्हटलं तरी भरणार नाही. साठलेल्या ढिगापुढे माणूस हरतो, पण दोन ताटल्यांपुढे हरलेला मी अजून पाहिलेला नाही.

दुसरं काम : जेवून उठलात की हातातली ताटली हातातच ठेवून नळापर्यंत जा आणि लगेच धुवा. फक्त ताटली. कढई राहिली तरी चालेल. हे वाक्य मी मुद्दाम असं लिहिलंय. पीटर गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञाने 1999 साली मांडलं होतं की 'मी आता नीट वागेन' अशा मोघम निश्चयापेक्षा 'अमुक झालं की तमुक करेन' असं आधीच बांधून ठेवलेलं वाक्य जास्त वेळा खरं होतं. तुमचं वाक्य असं : 'खुर्चीवरून उठलो की ताटली धुतो.' इथे 'उठलो की' हा भाग महत्त्वाचा. 'रात्री वेळ मिळाला की' असं म्हणालात तर तो मिळणार नाही.

आणि तिसरं, झोपण्याआधी ओट्याचा एक कोपरा. सबंध ओटा नको. गॅसशेजारची दोन वीत जागा रिकामी करा, ओल्या फडक्याने पुसा आणि दिवा घालवा. तिथे सकाळी काहीही ठेवलेलं नसलं पाहिजे. सकाळी डोळे चोळत आत आल्यावर पहिली नजर त्या रिकाम्या कोपऱ्यावर पडते, याचा परिणाम काय होतो ते मी सांगण्यापेक्षा आठवडाभर तुम्हीच बघा. दहा-बारा दिवसांनी कोपरा आपसूक वाढायला लागला तर वाढू द्या. मुद्दाम वाढवू नका, नाहीतर पुन्हा रविवार उगवेल.

छोट्या कामांच्या बाबतीत एक सावधगिरीही सांगून ठेवते, कारण मी स्वतः त्यात फसले आहे. छोटं काम म्हणून आपण बरण्यांना लेबलं लावत बसतो, कप्प्यातले चमचे आकाराप्रमाणे लावतो, फ्रीजच्या दाराची रबरी पट्टी काडीने साफ करतो. कामं छोटी असतात आणि केल्याचं समाधानही मिळतं, पण सिंक तसंच राहतं. अशा वेळी स्वतःला एवढंच विचारायचं : हे केल्याने उद्याचं जेवण सोपं होणार आहे का? नसेल तर तो कामचुकारपणाच, फक्त एप्रन घातलेला.

'स्वच्छ' या शब्दाबद्दलही आपलं एकदा ठरायला हवं. आवरलेलं, स्वच्छ आणि चकचकीत ही तीन वेगळी कामं आहेत, आणि व्हिडिओवाले तिन्ही एकत्र विकतात. तब्येतीला लागतं ते फक्त मधलं. शिजवलेलं अन्न दोन तासांहून जास्त वेळ बाहेर ठेवायचं नाही. कच्चं मांस कापलेल्या फळीवर न धुता दुसरं काही कापायचं नाही. फडकं आणि घासणी वापरून झाली की पिळून उभी वाळत ठेवायची, सिंकमध्ये ओली पडू द्यायची नाही. जर्मनीतल्या काही संशोधकांनी 2017 साली घरांत वापरलेले 14 स्पंज तपासले, तेव्हा त्यांत जिवाणूंची अक्षरशः दाटी सापडली. म्हणजे ज्याने आपण स्वच्छ करतो तेच बहुधा सगळ्यात घाण असतं. घाबरून जाऊ नका, स्पंज वरचेवर बदला म्हणजे झालं. नळावरचे पांढरे डाग आणि टाइलमधल्या काळ्या रेघा यांनी सहसा कुणी आजारी पडत नाही. त्या वर्षभर राहू द्या.

सवय लागायला किती दिवस लागतात हे तुम्ही विचारलेलं नाही, पण विचाराल. एकवीस दिवसांचा मंत्र विसरा. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी 96 जणांवर अभ्यास केला होता, तो 2010 साली छापला गेला. खाणंपिणं किंवा व्यायाम यातली एक छोटी गोष्ट रोज करायची, असा तो प्रयोग होता. गोष्ट अंगवळणी पडायला साधारण 66 दिवस लागले. पण माणसामाणसांत फरक इतका मोठा, की अंदाज 18 दिवसांपासून 254 दिवसांपर्यंत पसरले होते. मला त्यातलं आवडलं ते दुसरंच. मध्ये एखादा दिवस चुकला तरी सवय लागण्यात फारसा खंड पडला नाही. म्हणजे बुधवारी ताटली तशीच राहिली तर गुरुवारी ती धुवायची, एवढंच. रविवारपर्यंत थांबून भरपाई करायची नाही.

हे वाचणाऱ्यांत तुमच्यासारखे बरेच असतील, आणि सगळे एकटे नसतील. घरात चार माणसं असूनही सिंक कायम भरलेलं असेल, तर भांडी कमी करण्याआधी बोलणं करावं लागेल. प्रत्येकाची एक ताटली, एक पेला ठरवून द्यायचा आणि आपापलं आपण धुवायचं. 'कुणीतरी करेल' मधला 'कुणीतरी' बहुतेक घरांत एकच व्यक्ती असते, आणि तिला प्रेरणेचे धडे देण्यात अर्थ नाही. तिला हात हवेत.

आता त्या थापेबद्दल. तुम्हाला लागलंय ते हेच, पातेलं तुलनेने किरकोळ आहे. मित्र इतक्या वर्षांनी आला तो तुमचा ओटा तपासायला आला नव्हता. त्याच्या घरी सिंकमध्ये काय आहे ते तुम्हाला तरी कुठे माहीत आहे? खरं सांगितलंत तर तो हसेल, आणि तुम्हीही हसाल असं मला वाटतं. पण त्यासाठी स्वयंपाकघर आरशासारखं होईपर्यंत थांबू नका, ते होणार नाही. येत्या पंधरा दिवसांतली एक संध्याकाळ ठरवून त्याला बोलवा. आणि कृपा करून आदल्या दिवशी सहा तास घासत बसू नका. कोपरा रिकामा असू दे, दोन कप धुतलेले असू देत.

राहिलं ते तळाशी बसलेलं पातेलं. आज हे वाचून झालं की बाकीच्या भांड्यांना हातही लावू नका. फक्त ते बाहेर काढा, पाणी ओतून द्या आणि तळ बघा. सुटण्यासारखं असेल तर माझ्यासारखं उकळा. गंज खाऊन भोक पडायला आलं असेल किंवा बघूनच शिसारी येत असेल, तर पिशवीत बांधून टाकून द्या. एका पातेल्याने कुणी भिकेला लागत नाही. दोन्हीपैकी काय केलंत ते मला कळवा, कारण आत नेमकं काय होतं याची मला पत्र वाचल्यापासून उत्सुकता लागून राहिली आहे.